विरोधी बाकावरील घटनाकार : राज्यसभेतील डॉ. आंबेडकर (१९५२–१९५६)

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांच्या चरित्रलेखनात १९५१ च्या सप्टेंबरपासून १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंतचा काळ बहुधा घाईने ओलांडला जातो. एका टोकाला मंत्रिमंडळाचा राजीनामा आणि दुसऱ्या टोकाला नागपूरचे धर्मांतर, अशा दोन ठळक प्रसंगांमध्ये सापडलेली ही पाच वर्षे पराभवाची, आजारपणाची आणि बौद्ध धर्माच्या अभ्यासाची म्हणून सांगितली जातात. ते खोटे नाही. परंतु ३ एप्रिल १९५२ पासून ६ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या निधनापर्यंत ते राज्यसभेचे सदस्य होते, आणि तेथे त्यांनी केलेली भाषणे संख्येने मोजकी असली तरी त्यांच्या एकूण वाङ्मयात त्यांचे स्थान वेगळे आहे. घटना समितीत ज्याने मसुद्याची बाजू मांडली तोच पुरुष आता विरोधी बाकावरून त्याच मजकुराचा वाचक झाला होता. आपणच रचलेल्या संहितेचे असे जाहीर, प्रतिकूल आणि कित्येकदा संतप्त पुनर्वाचन करणारा दुसरा भारतीय लेखक चटकन आठवत नाही.

ह्या भाषणांपैकी एका भाषणातील एकच वाक्य प्रसिद्ध आहे. घटना जाळण्यासंबंधीचे ते वाक्य गेली कित्येक दशके अनुयायी आणि विरोधक सारख्याच उत्साहाने वापरीत आले आहेत. त्याच्या मागचे व पुढचे मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्रस्तुत लेखात त्या वाक्याला त्याची जागा परत मिळवून देण्याचा, आणि त्याच्या आसपास विस्मृतीत गेलेल्या काही भाषणांकडे लक्ष वेधण्याचा हेतू आहे.

विधिमंडळाचा अनुभव डॉ. आंबेडकरांना नवा नव्हता. १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. महार वतनाचे विधेयक त्यांनी १९२८ साली तेथेच मांडले. १९३७ च्या निवडणुकीनंतर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते ह्या नात्याने खोती पद्धती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधानसभेत आणले. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, आणि त्यानंतरची घटना समितीतील त्यांची कामगिरी सर्वश्रुतच आहे. म्हणजे राज्यसभेत ते आले तेव्हा पाव शतकाची संसदीय तालीम त्यांच्या पाठीशी होती. सरकारी बाक आणि विरोधी बाक अशा दोन्ही ठिकाणी बसून बोलण्याची सवय त्यांना होती. नवी होती ती एवढीच गोष्ट, की आता ते ज्या कायद्याविरुद्ध बोलत होते तो पुष्कळ अंशी त्यांच्याच हातचा होता.

ते तेथे आले ते पराभवाच्या वाटेने. हिंदू कोड बिलाची वासलात लागलेली पाहून त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्यामागील कारणांचे निवेदन सभागृहात करावयाचे ठरले, तर उपाध्यक्षांनी त्याची प्रत आधी मागितली व वेळही पुढे ढकलली. तेव्हा ते सभागृह सोडून निघून गेले, आणि संसदेत व्हावयाचे निवेदन वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. १९५२ च्या आरंभी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर ह्यांनी त्यांचा पराभव केला. मार्च महिन्यात मुंबई राज्याच्या विधानसभेतून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार म्हणून ते वरिष्ठ सभागृहावर निवडून गेले. ज्याने ह्या सभागृहाची कलमे मसुद्यात बसविली त्याला त्याच सभागृहाचा आसरा घ्यावा लागला, हा योगायोग त्यांच्या विरोधकांच्या नजरेतून सुटला नसणार.

राज्यसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजी भरली. तिचे त्या वेळचे अधिकृत नाव राज्यपरिषद असे होते. राज्यसभा हे नाव २३ ऑगस्ट १९५४ रोजी जाहीर झाले. सभापतिपदी सर्वपल्ली राधाकृष्णन होते. साहित्याच्या अभ्यासकाला हे सभागृह विशेष कुतूहलाचे वाटावे असे होते. राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांत मैथिलीशरण गुप्त होते, काकासाहेब कालेलकर होते, झाकिर हुसेन होते, सत्येंद्रनाथ बसू होते. पुढे १९५३ मध्ये महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आले आणि १९५६ मध्ये मामा वरेरकर. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे काणे आणि त्याच धर्मशास्त्राची चिरफाड करणारे आंबेडकर एकाच छताखाली बसत होते, ह्या गोष्टीकडे मराठी समीक्षेने अजून पुरेसे पाहिलेले नाही. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

२७ मे १९५२ रोजी अर्थसंकल्पावरील सर्वसाधारण चर्चेत त्यांनी केलेले भाषण अर्थशास्त्रज्ञाचे होते. सैन्यावरील खर्च हा त्याचा गाभा. हा खर्च उतरवावयाचा तर काश्मीरचा प्रश्न सोडविल्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. भाषण चोख आहे, पण खरे आंबेडकर राज्यसभेत प्रथम दिसतात ते सव्वा वर्षानंतर, आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. मद्रास राज्यातील तेलुगुभाषी प्रदेशाचे स्वतंत्र राज्य व्हावे म्हणून पोट्टी श्रीरामुलु ह्यांनी उपोषण आरंभिले आणि १५ डिसेंबर १९५२ रोजी त्यातच त्यांचा अंत झाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलींनंतर सरकारने मागणी मान्य केली, आणि १ ऑक्टोबर १९५३ पासून आंध्र राज्य अस्तित्वात यावे अशा बेताने विधेयक आणले. २ सप्टेंबर १९५३ रोजी ते राज्यसभेत चर्चेला होते. डॉ. आंबेडकर उठले. एका माणसाने प्राण दिल्यावाचून सरकारला जाग येत नाही, ह्याबद्दल त्यांनी फार कडक शब्द वापरले. पण त्यांचा मुख्य मुद्दा निराळाच होता. भाषेवर राज्य उभे राहिले म्हणजे त्या राज्यातील बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता जाईल. मग अल्पसंख्यांचे, विशेषतः अस्पृश्यांचे, रक्षण कोण करणार? राज्यपालाला त्यासाठी खास अधिकार द्यावेत, असे त्यांनी सुचविले. १९३५ च्या कायद्यात गव्हर्नराकडे अशा काही खास जबाबदाऱ्या होत्या, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते.

आणि येथेच ते कोंडीत सापडले. राज्यपाल हा नामधारी असावा, ही भूमिका घटना समितीत खुद्द त्यांनीच मांडली होती, आणि सभागृहात ती विसरली गेली नव्हती. घटना तर तुमचीच, ह्या टोमण्याला त्यांनी दिलेले उत्तर आजही वाचणाऱ्याला चपापून टाकते. आपण भाडोत्री लेखणीचे काम केले, जे सांगितले ते लिहिले, आणि त्यातले पुष्कळ मनाविरुद्ध लिहिले, असा त्याचा आशय होता. गृहमंत्री कैलासनाथ काटजू ह्यांच्याशी ह्यावर खडाजंगी झाली. वकील ज्या अनेक गोष्टींचा बचाव करतो त्या सर्व त्याच्या स्वतःच्या नसतात, अशीही पुस्ती त्यांनी जोडली.

हे उत्तर प्रामाणिक होते काय? माझ्या मते ते अर्धे प्रामाणिक होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोप करताना त्यांनी केलेली भाषणे भाडोत्री लेखणीची नाहीत. त्यांत स्वतःच्या कृतीविषयीची आस्था लपत नाही. पण त्या समारोपाच्या भाषणातच त्यांनी बजावून ठेवले होते, की घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरणार. आणि राजकारणात समता व समाजात विषमता हा विरोध लवकर मिटला नाही, तर ज्यांना तो सोसावा लागतो तेच ही इमारत उद्ध्वस्त करतील. १९५३ सालचा राग हा १९४९ सालच्या इशाऱ्याचा पुढचा पाठ आहे. दोन्ही जवळजवळ ठेवून वाचले तर विसंगती उरते, पण ती संधिसाधूपणाची वाटत नाही.

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडे यावयाचे. ते ह्याच दिवशीचे, ह्याच भाषणातले. त्याच्या लगेच आधी ते ब्रिटिश पार्लमेंटविषयी बोलत होते. बहुसंख्यांकडून अन्याय होईल अशी ज्या लहान समाजांना धास्ती असते त्यांच्या भावना जपूनच तेथील संसद चालते, असा तो संदर्भ. त्याला जोडून ते म्हणतात, की घटना मी केली असे मित्र सांगतात, पण ती जाळणारा पहिला माणूस होण्याची माझी तयारी आहे. ती कोणालाच मानवत नाही. बहुतेक अवतरणे येथे संपतात. भाषण येथे संपत नाही. पुढच्याच श्वासात ते सांगतात, की ही घटना आपल्या लोकांना चालवावयाचीच असेल, तर देशात बहुसंख्य आहेत तसे अल्पसंख्यही आहेत हे विसरून चालणार नाही. अल्पसंख्यांना मान्यता देणे म्हणजे लोकशाहीला बाध आणणे, असे म्हणून त्यांना झटकून टाकता येणार नाही. उलट त्यांना दुखावण्यानेच अधिक मोठी हानी होईल. म्हणजे जाळण्याची भाषा ही दोन वाक्यांच्या चिमटीत धरलेली आहे, आणि दोन्ही बाजूंना अल्पसंख्यांचे भय हाच विषय आहे. ती चिमटी काढून टाकली की वाक्य केवळ स्फोटक उरते.

तुलनात्मक साहित्याचा अभ्यासक म्हणून आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. जाळणे हा शब्द आंबेडकरांच्या कोशात अलंकार नव्हता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले होते. ग्रंथ जाळणे म्हणजे त्या ग्रंथाने दिलेल्या हुकमाला नकार देणे, हा अर्थ महाराष्ट्रातल्या त्यांच्या श्रोत्यांना सव्वीस वर्षे परिचित होता. राज्यसभेतील बहुतेक श्रोत्यांना तो तितका जवळचा नसावा. ज्या हातांनी एक स्मृती जाळली आणि दुसरी लिहिली, त्याच हातांनी दुसरीही जाळण्याची भाषा केली, तेव्हा त्या भाषेला पूर्वेतिहास होता. तो माहीत नसलेला वाचक तिला केवळ उद्वेग समजतो.

वाक्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १९ मार्च १९५५ रोजी चौथ्या घटनादुरुस्तीच्या विधेयकावर ते बोलत होते. खाजगी मालमत्ता सरकारने घेतली तर भरपाई किती द्यावी, हा विषय. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ च्या डिसेंबरात बेला बॅनर्जी खटल्यात भरपाई म्हणजे मालमत्तेची पुरेपूर किंमत असा अर्थ लावला होता, आणि भरपाई पुरेशी आहे की नाही हे न्यायालयात तपासताच येऊ नये, अशी दुरुस्ती सरकारला हवी होती. डॉ. आंबेडकरांनी मूळच्या एकतिसाव्या कलमाचे पितृत्व साफ नाकारले. हे कलम मसुदा समितीचे नव्हे. पंडित नेहरू, सरदार पटेल आणि गोविंद वल्लभ पंत ह्यांची ह्या बाबतीत तीन मते होती आणि त्यांच्या तडजोडीतून ते जन्मले, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. घटनेच्या इतिहासकारांना हा पुरावा मोलाचा वाटावा. ते कलम पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने रद्दच झाले.

ह्या भाषणाच्या ओघात डॉ. अनुप सिंग ह्यांनी जाळण्याच्या वाक्याची आठवण करून दिली. मागच्या वेळी त्याचे कारण सांगावयाचे राहून गेले होते, ते आता सांगतो, अशा थाटात डॉ. आंबेडकरांनी एक दृष्टान्त दिला. देवाची प्रतिष्ठापना करावी म्हणून देऊळ बांधले. पण देव येण्याआधीच असुरांनी ते बळकावले. मग देऊळ पाडण्यावाचून दुसरे काय उरते? त्यावर देवळाऐवजी असुरांनाच का नष्ट करीत नाही, असा प्रश्न आला. ते आपल्या शक्तीबाहेरचे आहे, असे सांगून त्यांनी शतपथ ब्राह्मणाचा हवाला दिला. देव असुरांकडून नेहमी हरत आले आणि अमृत असुरांपाशी होते, ते देवांना त्यांच्याकडून मिळवावे लागले, ही कथा त्यांनी सदस्यांना ऐकविली.

मालमत्तेच्या भरपाईवरील चर्चेत शतपथ ब्राह्मण यावे, हे आंबेडकरांच्या बाबतीत आश्चर्याचे नाही. त्यांच्या मराठी लेखनाशी परिचय असलेल्याला ही रीत ओळखीची वाटेल. मूकनायकाच्या शिरोभागी तुकाराम आणि बहिष्कृत भारताच्या शिरोभागी ज्ञानेश्वर छापणारा हा संपादक परंपरेतील शब्द परंपरेच्याच मालकांपुढे ठेवून जाब विचारण्यात वाकबगार होता. राज्यसभेतील भाषणे इंग्रजीत आहेत, आणि त्यांची वाक्यरचना न्यायालयीन आहे. पण दृष्टान्त देण्याची, प्रतिपक्षाचे शास्त्र त्याच्यावरच उलटविण्याची धाटणी मराठी सभेतली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्यांसमोर आंबेडकर शिकविताना ही गोष्ट फार सांगावी लागते, कारण त्यांच्यापुढे फक्त इंग्रजी आंबेडकर असतात.

जाळण्याच्या वाक्यामुळे झाकोळून गेलेले, पण माझ्या दृष्टीने ह्या कारकिर्दीतले सर्वांत मौलिक भाषण १६ सप्टेंबर १९५४ चे आहे. त्या दिवशी अस्पृश्यता (अपराध) विधेयक चर्चेला होते. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती. तिचे आचरण हा गुन्हा ठरविणारा कायदा येण्यास पाच वर्षे लागत होती. विधेयकाला त्यांचा विरोध असणे शक्यच नव्हते, तरीही त्यांनी त्याची कलमवार तपासणी केली. आरंभ केला तो नावापासून. हे नाव ओबडधोबड आहे. कायद्याचा रोख अस्पृश्यता नावाच्या दोषावर नसून अस्पृश्यांच्या नागरी हक्कांच्या रक्षणावर आहे, तेव्हा नावातही नागरी हक्क आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. तसा तो नाही. पहिल्या नावात अस्पृश्यता हे एक पाप आहे आणि ते करणाऱ्याला शिक्षा आहे. दुसऱ्या नावात अस्पृश्य हा नागरिक आहे आणि त्याचे काही तरी हिरावले गेले आहे. वाक्याचा कर्ता बदलतो.

दुसरी हरकत होती तडजोडीच्या तरतुदीला. फिर्यादी व आरोपी ह्यांनी आपसात मिटवून गुन्हा काढून टाकावा, अशी सोय विधेयकात होती. ज्याच्यावर अन्याय झाला तो भूमिहीन आणि ज्याने केला तो गावचा धनी. अशा दोघांत होणारी तडजोड कसली असणार, हे सांगावयास कायदेपंडिताची गरज नव्हती, पण ते सांगितले ते कायदेपंडितानेच. तिसरा मुद्दा सामाजिक बहिष्काराचा. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्याला गावाने मारहाण करण्याची गरजच नसते. वाण्याने धान्य द्यावयाचे नाही, शेतावर काम द्यावयाचे नाही, एवढे पुरते. ह्या हत्याराची माहिती त्यांना १९२० च्या दशकापासून, मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर काम करताना, प्रत्यक्ष साक्षींतून झालेली होती.

विधेयक १९५५ मध्ये जुन्याच नावाने मंजूर झाले आणि १ जून १९५५ पासून अमलात आले. तडजोडीची तरतूद, न्यायालयाच्या परवानगीने का होईना, राहिली. १९७६ मध्ये ह्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली: त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे ठेवण्यात आले आणि गुन्ह्यांत तडजोड करण्याची मुभा काढून टाकण्यात आली. बावीस वर्षांपूर्वी राज्यसभेच्या विरोधी बाकावरून जे सुचविले गेले होते त्याच्या जवळ कायदा आला, तेव्हा सुचविणाऱ्याला जाऊन वीस वर्षे होत आली होती.

त्याच महिन्यात, ६ सप्टेंबर १९५४ रोजी, अनुसूचित जाती-जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी एक सूचना केली. तिच्यातला उपरोध जाणूनबुजून होता की नव्हता, हे ठरविणे कठीण आहे. अस्पृश्यांना गावकुसाबाहेरून उचलून पडीक सरकारी जमिनीवर वसविल्याखेरीज त्यांची सुटका नाही, ही त्यांची जुनी मागणी. त्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? १९४७ साली मिठावरील कर रद्द झाला होता. तो पुन्हा बसवावा, आणि त्या उत्पन्नातून गांधीजींच्या नावाने निधी उभारून तो ह्या कामी लावावा, असे त्यांनी सुचविले. दांडीच्या यात्रेनंतर चोवीस वर्षांनी, मिठाच्या करातून, गांधींच्या नावाने, अस्पृश्यांसाठी. गांधी आणि आंबेडकर ह्यांच्या वादाचा इतिहास लिहिणारे पुणे कराराशी थांबतात. ह्या उपसंहाराचीही नोंद त्यांनी घ्यावयास हवी.

परराष्ट्र धोरणावर ते २६ ऑगस्ट १९५४ रोजी बोलले. तिबेटविषयीचा करार एप्रिलात झाला होता आणि पंचशील हा शब्द सर्वतोमुखी होता. डॉ. आंबेडकर तेव्हा बौद्ध साहित्यात बुडालेले होते, आणि बौद्ध शीलांचे राजनैतिक घोषणेत झालेले हे रूपांतर त्यांना मानवले नाही. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना निराळ्या रीतीने वागविले असते, असा त्यांचा सवाल होता. ल्हासावर चीनचा ताबा मान्य करून आपण चीनची सरहद्द आपल्या दाराशी आणली, असाही इशारा त्यांनी दिला. १९६२ नंतर ह्या भाषणाला द्रष्टेपणाचे श्रेय देण्यात आले. त्याच भाषणात गोव्याचा प्रश्न खरेदीने किंवा भाडेपट्ट्याने सोडविता येईल काय, ह्याचाही त्यांनी विचार केला आणि निजामाकडून इंग्रजांनी वऱ्हाड घेतल्याचा दाखला दिला. गोवा पुढे १९६१ च्या डिसेंबरात लष्करी कारवाईने मुक्त झाला. द्रष्टेपणाचे दाखले गोळा करणाऱ्यांनी हाही भाग वाचावा. भाषण म्हणजे भविष्यकथन नव्हे.

ह्या सर्व काळात प्रकृती ढासळत होती. मधुमेह जुना, पाय दुखत, दृष्टी मंद होत चाललेली. १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत लोकसभेत जाण्याचा त्यांचा दुसरा प्रयत्नही फसला. १९५५ च्या सप्टेंबरअखेर राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि डिसेंबरात संसदेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा ज्या विषयावर सभागृहाने त्यांचेच मत सर्वांत आधी विचारावयाचे, त्या चर्चेत आजारपणामुळे ते भाग घेऊ शकले नाहीत. न झालेले ते भाषण त्यांनी लिहून काढले. भाषावार राज्यांविषयीच्या विचारांची ती इंग्रजी पुस्तिका; तिच्या प्रस्तावनेखाली २३ डिसेंबर १९५५ ही तारीख आणि औरंगाबादच्या नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाचा पत्ता आहे. चर्चेत बोलता न आल्याची खंत प्रस्तावनेतच नमूद आहे.

म्हणून ह्या पुस्तिकेची गणना मी त्यांच्या राज्यसभेतील भाषणांतच करतो. तिचा युक्तिवाद १९५३ च्या आंध्र भाषणाचाच आहे, फक्त आता त्याला अडविणारे कोणी नाही. एका राज्याची भाषा एक असावी हे मान्य. पण एका भाषेचे राज्य एकच असावे हे त्यातून निघत नाही. आंध्रात रेड्डी, कम्मा, कापू अशा मोठ्या जातींच्या हाती जमीन व अधिकार एकवटतील, तेथे अस्पृश्यांनी कोणाकडे पाहावयाचे, हा प्रश्न तेथे नावे घेऊन विचारला आहे. उत्तर प्रदेशाचे तीन, बिहार व मध्य प्रदेश ह्यांचे दोन दोन भाग करावेत, असे त्यांनी सुचविले. महाराष्ट्राची मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र अशी चार राज्ये त्यांनी कल्पिली होती. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे एकसंध महाराष्ट्राची बाजू मांडणाऱ्या आंबेडकरांचे हे मतांतर महाराष्ट्रातील पुष्कळांना तेव्हा रुचले नाही. मतांतराचे कारण १९५३ च्या भाषणात आहे: मधल्या काळात त्यांच्या डोळ्यांपुढचा प्रश्न भाषेचा न राहता भाषेच्या आडून येणाऱ्या बहुसंख्येचा झाला होता. महाराष्ट्र १९६० मध्ये मुंबईसह एक झाला. बिहार व मध्य प्रदेश २००० साली विभागले, आणि तेलुगुभाषी प्रदेशाची २ जून २०१४ रोजी दोन राज्ये झाली.

एप्रिल १९५६ मध्ये राज्यसभेत त्यांची दुसरी मुदत सुरू झाली. ती आठ महिने टिकली. १४ ऑक्टोबर रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांचे निधन झाले.

त्यांची संसदीय भाषणे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेत वसंत मून ह्यांनी संपादित केलेल्या पंधराव्या खंडात, १९९७ साली, एकत्र छापली गेली. मराठीत ह्या भाषणांतील वेचे पुष्कळ आले आहेत, परंतु ते बहुधा आंबेडकरांच्या वाक्यांपुरते असतात. काटजूंचा प्रतिटोला, अनुप सिंगांनी काढलेली आठवण, असुरांविषयीचा तो प्रश्न हे सारे वगळले जाते. भाडोत्री लेखणीचे उत्तर आणि देवळाचा दृष्टान्त ही दोन्ही त्या अडवणुकीतून निघाली. राज्यसभेच्या अधिकृत वृत्तान्तात ती जशी घडली तशी नोंदलेली आहेत. ह्या भाषणांचे मराठी भाषांतर पुन्हा कोणी करावयास घेतले, तर मध्येच बोलणाऱ्यांसकट करावे.